प्रोजेक्ट नवा नको, जुना द्या

सातव्या सत्रात सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा), गाइडची सही, दोन रिव्ह्यू. आठव्या सत्रात कोड, ब्लॅक बुकचे (प्रोजेक्टच्या छापील अहवालाचे) बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरांत कॉलेजचे नाव, आणि शेवटी एक्स्टर्नलसमोर (बाहेरच्या परीक्षकासमोर) दहा-पंधरा मिनिटांचा डेमो. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कम्प्युटर आणि आयटी शाखेची मुले-मुली सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग प्रत्यक्ष करून शिकतात ती एवढ्यातच. डेमो कोणाच्या तरी लॅपटॉपवर होतो. निकाल लागला की त्या कोडकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. पुढची बॅच नव्या विषयाच्या शोधाला लागते, कारण विषय गेल्या काही वर्षांत कोणी केलेला नसावा अशी अट अनेक ठिकाणी असते.

ही अट काढून टाकावी आणि तिच्या बरोबर उलटी अट घालावी, असे माझे ठाम मत आहे. विद्यार्थ्यांना नवा प्रोजेक्ट देऊच नये. आधीच्या बॅचने लिहिलेला, कॉलेजात कोणीतरी रोज वापरत असलेला कोड त्यांच्या हाती द्यावा, त्यात बदल करायला लावावेत, आणि तो पुढच्या गटाला नीट सोपवून झाल्यावरच पुरे मार्क द्यावेत. प्रोग्रामिंग शिकायला कोरी फाइल चांगली. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड, तो लिहिणारा समोर नसताना, चालू काम न मोडता बदलायची वेळ येते, तिथून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग सुरू होते. आणि आपल्याकडची मुले हे काम पहिल्यांदा करतात ते नोकरीला लागल्यावर.

या विषयाचा जन्मच मुळी अशा अडचणीतून झाला. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव रुळले. तिथे जमलेल्यांची काळजी अशी होती की प्रणाली मोठ्या होत चालल्या आहेत, त्यावर खूप माणसे काम करतात, मुदती टळतात, आणि तयार झालेली वस्तू भरवशाची नसते. चार मित्रांनी हॉस्टेलच्या खोलीत तीन आठवड्यांत उरकलेल्या कोडला यातली एकही अडचण भेटत नाही. मग अडचणच नसताना तिच्यावरचे उपाय शिकवले जातात, आणि ते कर्मकांड होऊन बसतात. एसआरएसची, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचे हे लिहिलेल्या दस्तऐवजाची, प्रकरणे आजही आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८३० क्रमांकाच्या मानकाच्या साच्यात पाडली जातात. त्या मानकाची शेवटची आवृत्ती १९९८ची, आणि २०११ मध्ये त्याची जागा दुसऱ्या मानकाने घेतली. कामाचे टप्पे धबधब्यासारखे एकामागून एक दाखवणारी वॉटरफॉलची आकृती पहिल्या प्रकरणात असते, पण विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली ती मांडताना, असे एका दिशेने काम करणे धोक्याचे आहे हेही त्याच लेखात लिहिले होते, ते कोणी सांगत नाही. युझ केस, क्लास आणि सीक्वेन्स डायग्राम, म्हणजे कोडआधी काढायचे आराखडे, कोड लिहून झाल्यावर, त्याच्याकडे पाहून काढले जातात. टेस्ट केसच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'पास' असते. यातून विद्यार्थी एक गोष्ट मात्र पक्की शिकतो: कागद परीक्षकासाठी असतात. ही समजूत पुढे नोकरीत सुटायला फार वेळ लागतो.

दुसऱ्याचा कोड हाती घेणे म्हणजे त्याने न लिहून ठेवलेली गृहीतकेही हाती घेणे. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शनाचा कोड आधीच्या एरियन ४ मधून जसाच्या तसा आणला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. जुन्या रॉकेटच्या मार्गावर ती तिथे मावत असे, नव्या रॉकेटचा वेग जास्त असल्याने मावली नाही. कोड चुकीचा लिहिलेला नव्हता. तो ज्या परिस्थितीसाठी लिहिला ती बदलली होती, आणि ते कोणी तपासले नाही. हा धडा वर्गात सांगून कळतो, पण अंगवळणी पडायचा तर गेल्या वर्षीच्या मुलांनी काय गृहीत धरले होते हे स्वतःच खणून काढावे लागते.

आता प्रोजेक्ट कोणता द्यावा? खरा वापरकर्ता कॉलेजच्या आवारातच बसलेला असतो. प्रयोगशाळेचे डेड स्टॉक रजिस्टर, जिमखान्यातले साहित्य, हॉस्टेलच्या मेसचा हिशेब, आणि मुंबई परिसरातल्या कॉलेजांत लोकलच्या पासासाठी लागणारे रेल्वे सवलतीचे फॉर्म. हा शेवटचा विषय मला फार सोयीचा वाटतो. वरवर पाहता काम अगदी किरकोळ: विद्यार्थ्याचे नाव, घराजवळचे स्टेशन, कॉलेजचे स्टेशन, पास महिन्याचा की तीन महिन्यांचा, वर्ग कोणता. मुलांना वाटते, लॉगिन, डॅशबोर्ड आणि मोबाइल ॲप केले की झाले. ऑफिसातल्या क्लार्क मॅडमसमोर दोन दुपारी बसल्यावर खरी यादी निघते. फॉर्म अनुक्रमांकाच्या पुस्तकातून येतात, त्यामुळे प्रत्येक क्रमांकाचा हिशेब लागतो. छापताना ओळ सरकून फॉर्म बिघडला, तर तो क्रमांक पुसून चालत नाही, 'रद्द' म्हणून नोंदीत राहावा लागतो. पत्ता बदललेला विद्यार्थी येतो. फॉर्म हरवलेला येतो. दुपारी बारा ते दोनमध्ये रांग असते तेव्हा एका विद्यार्थ्यामागे पाचऐवजी दहा क्लिक कराव्या लागल्या, तर मॅडम पुन्हा वहीकडे वळतात. 'रिक्वायरमेंट' हा धडा इतका नेमका कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

यातली एक गोष्ट जरा जवळून पाहू. नावाने शोध. कुऱ्हाडे आडनावाची विद्यार्थिनी येते, क्लार्क आडनाव टाइप करतात, नोंद सापडत नाही. पडद्यावर तर दोन्हीकडे 'कुऱ्हाडे' असेच दिसते. कारण असे, की युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) ऱ हे एकच चिन्ह म्हणून साठवता येते, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. शिवाय काही कीबोर्ड हाच आकार र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह यांतून काढतात. डोळ्याला तिन्ही सारखे, संगणकाला तिन्ही वेगळे. एनएफसी नावाचे प्रमाणीकरण (सारखी अक्षरे एकाच ठरलेल्या रूपात आणणे) केले की पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. त्याच्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. आता गटाने काय करायचे? आधी एक टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहायची: तिन्ही प्रकारे नाव टाकले तरी एकच नोंद मिळाली पाहिजे. ती नापास होताना पाहायची. मग दुरुस्ती करायची. मग डेटाबेसमध्ये आधीपासून पडलेल्या नावांचे काय, हा प्रश्न येतो. ती बदलायची, तर बदलण्याआधी बॅकअप घ्यायचा आणि तो परत चढवून पाहायचा. एका आडनावाच्या निमित्ताने टेस्टिंग, डेटा मायग्रेशन (जुनी माहिती नव्या रूपात नेणे) आणि सावधपणा हे तिन्ही शिकून होतात. कोऱ्या प्रोजेक्टमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे डेमोच्या डेटाबेसमध्ये इंग्रजीतली पाच नावे असतात.

तारखांचेही तसेच. तीन महिन्यांचा पास ३० नोव्हेंबरला सुरू झाला, तर संपणार कधी? महिन्यात तीन मिळवणाऱ्या कोडला ३० फेब्रुवारी सापडते. जावास्क्रिप्ट ती तारीख गुपचूप २ मार्चवर ढकलते, लीप वर्षात १ मार्चवर. जावाची तयार पद्धत फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसावर थांबते. नियम काय आहे ते या दोन्ही भाषा सांगणार नाहीत, ते ऑफिसात विचारावे लागेल.

सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर माझ्या मते गट पाच जणांचा असावा. तिघे एका बाकावर बसून सगळे ठरवू शकतात, त्यांना समन्वयाची अडचणच येत नाही. माणसे वाढली की आपसातल्या संवादाच्या जोड्या झपाट्याने वाढतात: तिघांत ३, पाच जणांत १०, आठ जणांत २८. आठांच्या गटात दोघे-तिघे हमखास लपतात. हाती दिलेला कोड तीन ते पाच हजार ओळींचा असावा. त्याहून लहान असेल तर एकजण एका रात्रीत सगळा पुन्हा लिहून काढतो. फार मोठा असेल तर अर्धे सत्र वाचण्यातच जाते.

पहिल्या आठवड्याचे काम एकच: रीडमीत (कोडसोबतच्या सूचनांच्या फाइलीत) लिहिले आहे तेवढेच करून, कोणालाही न विचारता, प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवून दाखवा. बहुतेक वेळा तो चालत नाही, आणि तसेच व्हायला हवे. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला असतो. फाइलचा पत्ता कोणाच्या तरी सी ड्राइव्हवरचा असतो. लायब्ररींच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) आवृत्त्या नोंदवलेल्या नसतात, म्हणून आज वेगळीच आवृत्ती उतरते. विंडोज फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरे सारखीच मानते, लिनक्स मानत नाही, त्यामुळे विंडोजवर चाललेला कोड लिनक्सच्या सर्व्हरवर पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे, डेटाबेसच्या तक्त्यांची रचना पास होऊन गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच राहिलेली असते. हे सगळे दुरुस्त करून रीडमी नव्याने लिहिणे हेच गटाचे पहिले काम.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एकेक लहान बग काढायचा, प्रत्येक वेळी आधी नापास होणारी टेस्ट लिहून. मग वापरकर्त्याकडे जायचे. त्यानंतर दोन-दोन आठवड्यांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीच्या शेवटी ऑफिसात दाखवता येईल असे काहीतरी. प्रत्येक बदल वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर), पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, दोनशे-तीनशे ओळींच्या आत, आणि दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय मर्ज (मूळ कोडमध्ये मिसळणे) नाही. ओळींची ही मर्यादा का? हजार ओळींची पुल रिक्वेस्ट आली की वाचणारा 'छान आहे' लिहून मोकळा होतो. दोनशे ओळींत तो खरोखर चुका शोधतो. ही शिस्त नसेल तर जे होते ते सगळ्यांना माहीत आहे: प्रत्येकजण आपला भाग वेगळा लिहितो, झिप फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे एकत्र जोडताना एकाची लॉगिनची पद्धत दुसऱ्याच्या तक्त्यांशी जुळत नाही.

दहाव्या आठवड्यात अदलाबदल. एका प्रॅक्टिकल बॅचमध्ये चार गट असतील, तर पहिल्याचा कोड दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असे गोल फिरवायचे. दोन गटांनी आपसात अदलाबदल केली तर ते एकमेकांना पुरे मार्क देऊन टाकतात. गोल फिरवले की ती सोय राहत नाही. मोजायचे एवढेच: कोऱ्या मशीनवर, फक्त रीडमी वाचून, एका तासात प्रोग्राम आणि सगळ्या टेस्ट चालतात की नाही. त्यानंतर चार आठवडे नव्या गटाने त्या परक्या कोडमध्ये काम करायचे, आणि त्याच काळात शिक्षकांनी एक गरज बदलायची. उदाहरणार्थ, आतापर्यंत एकच ऑफिस फॉर्म देत होते, आता दुसऱ्या इमारतीतही खिडकी उघडली, दोन्हीकडे फॉर्मची वेगळी पुस्तके आहेत. ज्या गटाने 'पुढचा क्रमांक' हा हिशेब दहा ठिकाणी पसरवून लिहिला त्याचा कोड इथे अडतो, एका जागी ठेवला त्याचा तरतो. मॉड्युलॅरिटी म्हणजे काय हे त्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांना कळते.

शेवटी प्रत्यक्ष वापरात आणणे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सर्व शाखांना लावली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. विद्यार्थ्यांना हे उदाहरण सहज समजते, कारण त्याची झळ त्यांच्याच घरांतल्या थोरल्या भावंडांना बसली. म्हणून नवी आवृत्ती ऑफिसात बसवताना दोन आठवडे वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवावे, रोज संध्याकाळी आकडे ताडून पाहावेत, आणि जुन्या आवृत्तीवर परत कसे जायचे ते आधी करून पाहावे. खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती मात्र गटांच्या लॅपटॉपवर जाता कामा नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे; तो नसता तरी मैत्रिणीचा पत्ता आणि जन्मतारीख वर्गभर फिरावी हे बरोबर नाही. सरावासाठी बनावट नावांचा डेटा तयार करावा, आणि तो तयार करणारा लहानसा प्रोग्राम हाही प्रोजेक्टचाच भाग.

मार्कांची विभागणी मी अशी करीन: स्वतःचे बदल आणि त्यांच्या टेस्ट ३०, दुसऱ्यांच्या कोडवर दिलेले रिव्ह्यू २०, सोपवणी २०, तोंडी परीक्षेत समोर बसून केलेला बदल २०, कागदपत्रे १०. यात ओळी किंवा कमिट (कोडच्या इतिहासातल्या एकेका बदलाची नोंद) मोजून मार्क देण्याचा मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा. ओळी मोजल्या की विद्यार्थी पूर्ण फाइलचे फॉरमॅटिंग बदलून पाचशे ओळी आपल्या नावावर करतात. कमिट मोजले की एकेका ओळीचा कमिट होतो. दोघांनी शेजारी बसून काम केले तर कमिटवर एकाचेच नाव येते, म्हणून सहलेखकाची ओळ लिहायला शिकवावे. मर्ज करताना सगळे कमिट एकात दाबले की कोणी काय केले हे पुसट होते, तेव्हा ती सोय बंद ठेवावी. कमिटवरची तारीख विद्यार्थ्याच्या मशीनवरून येते आणि ती हवी तशी टाकता येते. भरवसा ठेवायचा तर सर्व्हरवर पुल रिक्वेस्ट कधी उघडली, कधी मर्ज झाली, या नोंदीवर. आणि तोंडी परीक्षेत पीपीटी नको. विद्यार्थ्याचाच एक जुना बदल उघडावा, त्यात एक छोटी नवी गरज घालावी, वीस मिनिटे द्यावीत. ज्याने फक्त ब्लॅक बुक टाइप केले आणि ज्याने कोड लिहिला, त्यांच्यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसतो.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण हिशेब मांडून पाहावा. वीस विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल बॅच म्हणजे चार गट, दोन तासांचे प्रॅक्टिकल म्हणजे प्रत्येक गटाला आठवड्याला अर्धा तास. तेवढ्यात या आठवड्याच्या पुल रिक्वेस्ट उघडून दोन प्रश्न विचारता येतात. टेस्ट चालतात की नाही हे पाहण्याचे काम प्रत्येक मर्जच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टवर सोपवावे. ज्यांनी स्वतः कंपनीत काम केलेले नाही अशा शिक्षकांना संकोच वाटू शकतो. तिथे पुण्या-मुंबईत, बंगळुरूला किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना महिन्यातून एक तास ऑनलाइन रिव्ह्यूला बोलवावे. भाषण द्यायला त्यांना नेहमीच बोलावले जाते, कोड वाचायला क्वचितच.

दुसरा आक्षेप प्लेसमेंटचा: रेझ्युमेवर 'जुन्या प्रोजेक्टमध्ये बदल' कसे दिसेल? मुलाखत घेणाऱ्याला रोज तेच काम असते. दोनशे विद्यार्थी महिनाभर वापरत असलेल्या प्रणालीत काय मोडले आणि ते कसे शोधले, हे सांगणारा उमेदवार त्याला लक्षात राहतो. पिकांवरचा रोग ओळखणारे मॉडेल तो त्याच दिवशी चौथ्यांदा ऐकत असतो.

आणि एआय. प्रोजेक्ट तयार विकत मिळतो हे उघड गुपित होतेच; आता तर कोरा प्रोजेक्ट एका संध्याकाळी फुकट लिहून मिळतो. म्हणजे 'नवीन काहीतरी बनवले' याला शिकल्याचा पुरावा म्हणून फारशी किंमत उरलेली नाही. वारशाने आलेल्या प्रोजेक्टमध्ये एआय वापरायला माझी हरकत नाही, पण त्याचे दोष इथे उघडे पडतात आणि ते विद्यार्थ्याला निस्तरावे लागतात. दोन ओळींचा बदल मागितला तर तो कधी कधी अख्खी फाइल नव्याने लिहितो, आणि त्यात रद्द क्रमांक जपण्याचा नियम नाहीसा होतो. त्याला टेस्ट लिहायला सांगितल्या तर कोड आज जे करतो तेच बरोबर मानून लिहितो. ऑफिसला काय हवे होते हे त्याला ठाऊक नसते. ते मुलांनी सांगावे लागते, आणि सांगण्यासाठी आधी माहीत करून घ्यावे लागते.

स्वायत्त कॉलेजांना हे सगळे करायला कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही, त्यांचा अभ्यासक्रम त्यांच्याच हाती आहे. संलग्न कॉलेजांना मिनी प्रोजेक्टमध्ये जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि सामाजिक सहभागाला श्रेयांक आहेत, तेही यासाठी वापरता येतील. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी मात्र दोन बदल केलेच पाहिजेत: विषय नवा असण्याची अट जिथे आहे तिथे ती मोडीत काढावी, आणि बांधीव ब्लॅक बुकऐवजी कोडचा पूर्ण इतिहास व रीडमी हेच सबमिशन मानावे.

पहिल्या वर्षी वारसा नसतो. कोहासारखी मोठी ग्रंथालय प्रणाली उचलून आणू नये, ती एका सत्रात पचत नाही. गेल्या दोन-तीन बॅचच्या प्रोजेक्टमधून एक-दोन निवडावेत, कोणीही वापरत नसले तरी चालतील, फक्त वापरू शकेल असा माणूस आवारात असावा. उन्हाळ्याच्या सुटीत दोन विद्यार्थ्यांना मानधन देऊन ते चालते करून घ्यावेत, पासवर्ड कोडमधून काढावेत, दहा-बारा टेस्ट लिहून घ्याव्यात. काही दोष मात्र तसेच राहू द्यावेत आणि त्यांची यादी शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावी. जूनमध्ये एकाच बॅचपासून सुरुवात करावी. बाकीच्या बॅचना या वर्षी जुन्या पद्धतीने जाऊ द्यावे, म्हणजे एप्रिलमध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तोच वीस मिनिटांचा बदल करायला देऊन तुलना करता येईल.